ताट धुऊन पिणारा माणूस

माझ्या घरमालकांनी एकदा माझ्या कचऱ्याच्या डब्यातलं अर्धं सफरचंद मला परत आणून दिलं होतं. बशीत घालून, काळा पडलेला भाग कोरून काढून, वर मीठ-तिखट भुरभुरून. मी रात्रपाळी करून नुकती आडवी झाले होते. दार वाजलं म्हणून डोळे चोळत उघडलं तर हे उभे. "सिस्टर, हे तुमच्याकडून राहून गेलं," म्हणाले. आवाजात राग नाही, टोमणा नाही. कुणी विसरलेली छत्री परत द्यायला यावं तसा चेहरा. मी ते सफरचंद उभ्याउभ्या त्यांच्यासमोर खाल्लं. न खाऊन सांगते कोणाला? खाईपर्यंत ते दारातून हलणार नव्हते.

ऑकलंडला हेन्डरसनमध्ये त्यांचं घर होतं आणि मागच्या अंगणात एक सुटी खोली. तिकडे त्याला स्लीपआउट म्हणतात. पुण्याहून नर्सची नोकरी घेऊन मी गेले ती त्या खोलीत राहिले आणि लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. नवं शतक नुकतंच लागलं होतं. फोनला बटणं होती आणि गाडीत नकाशाचं जाडजूड पुस्तक असायचं. घरमालक मूळचे रत्नागिरीकडचे, शिक्षणानं इंजिनियर. आधी हॅमिल्टनला, 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात होते. बायको तिथेच वारली. मग दुसरी नोकरी धरून ते ऑकलंडला आले, लहानग्या मुक्ताला घेऊन. बाप आणि लेक, दोघंच. त्यांचं नाव मी सांगणार नाही. काका अजून धडधाकट आहेत आणि हे त्यांना फोनवर वाचून दाखवायला टपलेली माणसंही पुष्कळ आहेत.

काकांच्या विक्षिप्तपणाला सुरुवात पायांपासून व्हायची. रबरी सपातांना तिकडे जँडल्स म्हणतात, आणि काकांकडे दर कामाचा वेगळा जोड होता. मोरीचा वेगळा, अंगणाचा वेगळा, गराजचा वेगळा, आणि टपालपेटीपर्यंत जायचा एक निळा. टपालपेटी दारातून दिसायची. एकदा तो निळा जोड सापडेना, तर टपाल पेटीतच भिजत पडलं. मी म्हटलं, काका, अंगणाच्या घालून जा ना. ते म्हणाले, "शास्त्रात बसत नाही."

हे त्यांचं ठरलेलं. मोटरवेवर कुणी इंडिकेटर न देता पुढे घुसला, शास्त्रात बसत नाही. डिसेंबरात उकडायला लागलं, शास्त्रात बसत नाही. मी एकदा न राहवून विचारलं, कोणतं हो शास्त्र? तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "ते एकच असतं." फोन उचलला की माओरी नमस्कार घालून "किया ओरा, कोण बोलतंय?" असं विचारायचे, मग पलीकडे बँकेची गोरी बाई का असेना. ती बाई घोटाळली की हे आणखी सावकाश मराठी बोलायचे.

पण खरं प्रकरण जेवणाचं. काकांचं जेवण झालं की ताट पुसलेल्या काचेसारखं असायचं. तरी ते थांबायचे नाहीत. ताटात पाणी ओतायचे, बोट फिरवून कडेचं सगळं त्यात उतरवायचे, आणि ताट दोन्ही हातांनी उचलून घटाघट पिऊन टाकायचे. घरी ठीक आहे. काका हे चारचौघांतही करायचे. मंडळाच्या गणपतीच्या जेवणाला तर पोरांनी पानात टाकलेल्या पुऱ्यासुद्धा ते शेजारी बसून संपवायचे. शेवटी शेवटी आया पोरांना त्यांचाच धाक घालायला लागल्या, "संपव बघू, ते काका येतायत." पोरं जीव खाऊन जेवायची. मंडळ खूश होतं.

हे असं का, याची कारणं मी बरीच ऐकली. मला म्हणाले, आजोबांनी मरताना शब्द घेतला होता. शेजारच्या माओरी म्हाताऱ्याला सांगितलं, तरुणपणी बोट भर समुद्रात अडकली होती. डॉक्टरांना सांगितलं, पचनाला बरं. दर माणसागणिक कारण बदलायचं, आणि सांगताना चेहरा असा गंभीर की पुढे विचारायची सोय नाही.

मुक्ता तोवर मोठी होऊन फार्मसिस्ट झाली होती. तिकडे वाढलेल्या पोरांसारखीच ती. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. काकांनी विचारावं, "जेवलीस का?" आणि तिनं म्हणावं, "येह, हॅड हेप्स," म्हणजे भरपूर जेवले. वर्षानुवर्षं दोघांचं असंच छान चाललं होतं. एका संध्याकाळी मी डाळ मागायला गेले होते, आणि माझ्यासमोरच ती म्हणाली, "बाबा, आय'म सीइंग समवन. हिज नेम इज खाम. वी वॉन्ट टु गेट मॅरिड." मुलगा लाओसचा. दिवसा इलेक्ट्रिशियन, संध्याकाळी आईच्या रेस्टॉरंटमध्ये भट्टीपाशी.

आता घरात आरडाओरडा होणार म्हणून मी डाळ घेऊन सटकायच्या बेतात होते. काका उठले, मुक्ताचा शाळेतला ॲटलास काढला आणि लाओसवर बोट ठेवून बराच वेळ बघत बसले.

"ह्या देशाला समुद्र नाही," ते म्हणाले.

"सो?"

"मग मासे कुठून आणतात?"

"बाबा, देअर्स अ रिव्हर. अ ह्यूज वन."

"नदीचे मासे," काका म्हणाले आणि ॲटलास मिटला. रत्नागिरीचा माणूस जातीला, धर्माला, देशाला हरकत न घेता नदीच्या माशांना हरकत घेऊन थांबला. मला तर कौतुकच वाटलं.

त्या शुक्रवारी बघायला जायचं ठरलं. काका मला म्हणाले, "सिस्टर, अशा वेळी घरचं एक वडीलधारं बाईमाणूस लागतं. तुम्ही चला." मी तेव्हा तिशीतही पोचले नव्हते. मी म्हटलं, काका, मी भाडेकरू आहे. "एकाच आवारात राहतो ना आपण," ते म्हणाले, आणि विषय संपला.

रेस्टॉरंट टायरच्या दुकानामागे होतं. मोजकी टेबलं, भिंतीवर मोठ्या नदीचा फोटो, आत खलबत्त्याचा ठकठक आवाज. खामची आई ठेंगणी, रुंद, केस घट्ट बांधलेले. इंग्रजी जेमतेम. जेवण आलं आणि काकांची कळी खुलली. भात बांबूच्या झाकणाच्या छोट्या टोपल्यांत, आणि इतका चिकट की काट्या-चमच्याला दाद देईना. खामनं हातानं मुटका करून दाखवला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, हातानं खातात." कच्च्या पपईची कोशिंबीर आली, तिला मुरवलेल्या माशांच्या पाण्याचा वास. मुक्ता चोरून बापाकडे बघत होती. काकांनी तो वास डोळे मिटून घेतला. "सुकट," ते म्हणाले, "आमच्या बाजारातली सुकट." केळीच्या पानात वाफवलेला मासा नदीचाच होता. त्याचे काटे त्यांनी चोखून चोखून त्याच पानावर रचले. सोयरीक जमली म्हणून मी मनातल्या मनात साडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

मग काकांनी ताटात पाणी ओतलं.

बोट फिरवलं, ताट उचललं आणि पिऊन टाकलं. खलबत्ता थांबला. खामची आई आतून बघत होती. ती आली, टोपली उघडून काकांच्या ताटात भात घातला, वर मासा घातला. काकांनी संपवलं, धुतलं, प्यायलं. तिनं पुन्हा वाढलं. काकांना वाटलं आग्रह चाललाय. आग्रहाला नाही म्हणणं शास्त्रात बसत नाही. पुन्हा संपवलं. ती पुन्हा आली. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. शेवटी खामनं मध्ये पडून मुक्ताला आणि मुक्तानं आम्हाला समजावलं. त्यांच्याकडे पाहुण्यानं पोट भरलं की ताटात थोडं ठेवायचं असतं. ताट रिकामं म्हणजे पाहुणा उपाशी. आणि हा पाहुणा तर ताट धुऊन पितोय.

"बाबा, जस्ट लीव्ह अ बिट," मुक्ता म्हणाली.

"ताटात टाकून उठायचं?" काकांनी असं विचारलं, जसं काही तिनं त्यांना कपडे काढायला सांगितलं असावं. "अन्नाचा अपमान करून मुलगी द्यायची? शास्त्रात बसत नाही."

खामच्या आईनंही हे भाषांतरातून ऐकून घेतलं. मग ती खामशी थोडंसं बोलली. त्यानं ते मान खाली घालून सांगितलं. ज्या मुलीचा बाप माझ्या दारातून उपाशी उठतो, ती मुलगी मी घरात कशी घेऊ? तो उपाशीपणा तिच्यासोबत येईल.

झालं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर. मी काकांना येताना म्हटलं, विहीणबाई तुमच्यासारख्याच निघाल्या. ते म्हणाले, "अजून विहीण नाही. बाई म्हणा." मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली की तिला दोघंही लग्नात हवीत, पण ख्रिसमसपर्यंत या दोघांनी मिटवलं नाही तर ती आणि खाम मेलबर्नला जातील, तिथे नोंदणी करतील, आणि लग्नाला कुणाचीच आई नसेल, कुणाचाच बाप नसेल. हे ती अगदी शांतपणे म्हणाली. काका गाडी चालवत राहिले. हेन्डरसनचा आमचा फाटा मागे पडला तरी ते चालवतच राहिले, आणि आम्ही पार शहराबाहेर जाऊन परत आलो.

त्यानंतर दर शुक्रवारी काका त्या रेस्टॉरंटमध्ये जायला लागले. त्यासाठी हिरव्या जँडल्सचा नवा जोड घेतला. मी तो बघितला आणि मला थोडी आशा वाटली. उगाच एकदोनदा जायच्या जागेसाठी काका जोड काढत नसत.

मी बरोबर असायचेच, कारण काकांना शुगर होती आणि मी यंत्र पर्समध्ये घेऊन बसायचे. भात वाढला की टोचून बघायचे. खाम बिचारा भट्टीपाशी उभा राहून माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. आम्ही सगळ्या युक्त्या केल्या. काका घरून स्टीलचा डबा घेऊन गेले, उरलेलं डब्यात भरायचं म्हणजे टाकणंही नाही आणि संपवणंही नाही. खामच्या आईनं बघितलं की हा माणूस उद्याचीही सोय करतोय, इतका उपाशी. तिनं डबा दाबून भरला आणि वर आणखी एक पिशवी दिली. मग मी काकांच्या ताटातलं हळूच माझ्या ताटात ओढायला लागले. तिनं मलाही वाढलं. खामनं मुटक्याएवढाच भात पाठवून बघितला, तर आईनं त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. एकदा तिनं उलटा डाव टाकला. इतकं वाढलं की कुणा माणसाला संपूच नये. काकांनी अर्धं संपवलं, मग उठून टायरच्या दुकानाला प्रदक्षिणा घालायला लागले. थोडं खायचे, एक फेरी मारून यायचे, परत बसायचे. टायरवाली सामोअन पोरं काम टाकून भिंतीला टेकून बघत होती. त्यातला एक धिप्पाड मुलगा दर फेरीला शाबासकी द्यायचा, "स्वीट ॲज, अंकल. यू गॉट दिस." काकांनी संपवलं. ताट धुतलं. प्यायलं. खामची आई आत जाऊन तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून बसली.

डिसेंबर लागला. मेलबर्नची तिकिटं काढायची भाषा घरात व्हायला लागली. मुक्ता बापाशी बोलायची, पण फक्त कामापुरतं. काका तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि जँडल्स बदलायला म्हणून परत यायचे. माझी सहनशक्ती संपली. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन सरळ म्हटलं, "काका, एक घास. एक घास ताटात ठेवलात तर पोरीचं लग्न होतंय. कसला हट्ट हा?"

ते आमटीचं पातेलं विसळत होते. विसळलेलं पाणी प्यायले, पातेलं पालथं घातलं.

"ठेवायचा कोणासाठी, सिस्टर?"

"कोणासाठी म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. हॅमिल्टनला असताना मुक्ताची आई गेली आणि पोर जेवेचना. काही केल्या तोंड उघडायची नाही. एके दिवशी काकांच्या ताटातला शेवटचा घास तिनं आपण होऊन उचलला. तेव्हापासून काका शेवटचा घास तिच्यासाठी ठेवायला लागले. काटा काढलेला मासा, तिखट न लागलेला भात, सगळं चांगलं चांगलं त्या घासात. हळूहळू तो घास एवढा मोठा झाला की पोरीचं सगळं जेवणच त्यात व्हायचं. मग ती शाळेत जायला लागली. एक दिवस ताटाकडे बघून म्हणाली, यक, बाबा, दॅट्स युअर स्पिट.

"बरोबरच होतं तिचं," काका म्हणाले. "शाळेत स्वच्छता शिकवतात. पण मी तो ठेवलेला घास बघत बसलो हो. कोणी घेणार नाही तो. ते ताट बघवेना, म्हणून धुऊन टाकलं." हात पुसत पुढे म्हणाले, "शास्त्र वगैरे काही नाही त्यात."

मला रडू आलं, आणि रागही आला. इतकी वर्षं हा माणूस आजोबा आणि अडकलेल्या बोटी सांगत फिरत होता. माझ्या पोटात काही राहत नाही. मी दुसऱ्या दिवशी मुक्ताला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, "ओह," म्हणाली आणि व्हॅक्यूम क्लीनर लावून बसली. एकच खोली बराच वेळ झाडत होती.

ख्रिसमसच्या आधीचा शुक्रवार. रस्त्याकडेची पोहुतुकावाची झाडं लाल फुलांनी भरली होती. उन्हाळ्याची उजेडाची संध्याकाळ, टायरवाली पोरं दुकान बंद करून खास बघायला थांबलेली. मुक्ता त्या दिवशी पहिल्यांदाच समोर न बसता बापाच्या शेजारी बसली. काका नेहमीसारखे जेवले. पपई झाली, मासा शेवटच्या तुकड्यापर्यंत आणि भात शेवटच्या मुटक्यापर्यंत आला. खामची आई आतल्या दारात टोपली घेऊन तयार उभी होती. तिचं तोंड उतरलेलं होतं. काकांनी पाण्याच्या भांड्याकडे हात नेला.

मुक्तानं भांड्यावर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "माझा घास?"

मराठीत म्हणाली. इतक्या वर्षांनी काढलेलं मराठी, जरा अडखळत. काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ताटाच्या कडेचा माशाचा एक तुकडा उचलला, बोटांनी चाचपून त्यातला काटा काढला, मुटक्याची चटणी लागलेली बाजू आपण खाल्ली, उरलेल्या भातावर मासा दाबून बसवला, आणि तो घास ताटात ठेवला. हात मागे घेतला.

दारात खामच्या आईच्या हातातली टोपली खाली आली. ताटात घास होता. पाहुण्याचं पोट भरलं होतं. खामनं डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली. मी शुगरचं यंत्र हातात धरून मूर्खासारखी हसत होते.

आणि मुक्तानं तो घास उचलून खाल्ला.

"नो, नो, नो," खाम ओरडला. उशीर झाला होता. ताट पुन्हा कोरं. बाहेरून सामोअन पोरगा म्हणाला, "ऑ, मॅन." खामच्या आईनं टोपली उचलली आणि ती चालत आली. मी म्हटलं आता पुन्हा पहिल्यापासून. मेलबर्नला गेली ही पोरं.

ती काकांच्या खुर्चीपाशी आली, आणि थांबली नाही. त्यांना ओलांडून मुक्ताकडे गेली. मुक्ताचे गाल भरलेले होते, डोळे भरलेले होते. खामच्या आईनं तिच्यासमोरचं ताट सरळ केलं आणि टोपली उघडली.

"यू हंग्री," ती मुक्ताला म्हणाली, आणि वाढायला लागली.

काका उठले. हात धुतले. ताटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. दाराशी हिरव्या जँडल्समध्ये पाय घातले. मग मागे वळून, तिला मराठी येत नाही हे पक्कं ठाऊक असताना, नीट सावकाश मराठीत म्हणाले,

"वाढा तिला, विहीणबाई. पोटभर वाढा."